दुसरी सही

बसमधून उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस्टर लाइटबर्न." एल्डन लाइटबर्नचा एक पाय तोवर फुटपाथवर पोचला होता. त्याने सवयीने "गुड मॉर्निंग" म्हटलं, काखेतली फाइल सावरली, बेटाच्या राजधानीच्या, हॅमिल्टनच्या बसस्टँडवर चार पावलं चालला आणि जागीच थांबला. उतरताना कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही. उतरताना थँक्यू म्हणतात. गुड मॉर्निंग चढताना म्हणायचं असतं, आणि ते चढणाऱ्याने म्हणायचं असतं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. रिकामी झालेली गुलाबी बस वळण घेत होती आणि ड्रायव्हर आरशातून अजून त्याच्याकडेच बघत होता. मग एल्डनला त्याच्या राहत्या वॉरिकपासूनची पंचवीस मिनिटं एकदम आठवली. तो चढला तेव्हा बसमध्ये शांतता पसरली होती, ती त्याला सकाळची पेंगुळलेली शांतता वाटली होती. पुढच्या बाकावरची एक बाई खिडकीबाहेर बघत, कुणाला उद्देशून नाही अशा बेताने म्हणाली होती, "कोंबडीसुद्धा खुराड्यात शिरताना आवाज करते." ते ऐकून तो मनातल्या मनात हसला होता. कुणाच्यातरी नवऱ्याबद्दल असेल, असं तो धरून चालला होता.

इतर कुठल्याही दिवशी हे चाललं असतं असं नाही, पण आज तर अजिबात चालणार नव्हतं. आज दहा ते एक या वेळात वॉरिकच्या चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारी अर्ज घेणार होते. 'अख्खं बेट' हा पक्ष निघून सात महिने झाले होते आणि त्यात आठ माणसं होती. "अख्खं बेट म्हणजे नक्की किती जण?" हा विनोद एल्डनने मासेवाल्याकडून ऐकला होता, न्हाव्याकडून ऐकला होता, सख्ख्या पुतणीकडून ऐकला होता, आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा तो हसला होता. छत्तीस जागांपैकी यंदा एकच जागा लढवायची, असं पक्षाने बराच विचार करून ठरवलं होतं. खरं तर उभं राहायला एकच जण तयार झाला होता, आणि तो एल्डन होता. बावन्न वर्षांचा, विम्याच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेला, बायकोने सोडलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षानुवर्षं दोन मोठ्या पक्षांनी बेट आपसांत वाटून घेतलं होतं. इथे माणूस पक्षात जात नाही, आजोबांच्या पक्षात जन्माला येतो. त्यात हे आठ जण चौदा पानांचा जाहीरनामा घेऊन उभे राहिले होते. पाण्याच्या टाक्या, म्हाताऱ्यांची औषधं, तरुणांना न परवडणारी घरं, सगळं होतं त्यात. एल्डनने स्वतः तीन वेळा तपासला होता. सात महिन्यांत तो जाहीरनामा पहिल्या पानाच्या पुढे वाचलेला माणूस त्याला भेटायचा होता.

आणि अकरा वाजता, अर्ज देऊन झाल्यावर, हॉलच्या पायऱ्यांवर त्याला भाषण करायचं होतं. भाषण त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सुरुवात अशी होती: "गुड मॉर्निंग. आजवर तुमच्याकडे कुणी पाहिलं नाही, आम्ही पाहतो." यातल्या दुसऱ्या वाक्यावर तो खूश होता. मोटरसायकल गॅरेजात होती म्हणून कित्येक वर्षांनी तो बसने निघाला होता, छापून आलेली पत्रकं आणायला, आणि थांब्याच्या गुलाबी खांबापाशी उभं राहिल्यापासून तो ती दोन वाक्यंच घोकत होता. गुड मॉर्निंग, आजवर तुमच्याकडे. गुड मॉर्निंग, आजवर तुमच्याकडे. बस आली, दार उघडलं, पास दाखवला, आणि डोक्यात गुड मॉर्निंग चालूच होतं. म्हणजे म्हटलं नव्हतं असं नाही. तीस वेळा म्हटलं होतं. फक्त तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. हे कुणालाही समजावून सांगता येण्याजोगं होतं, हसण्यावारी नेण्याजोगं होतं. रीड स्ट्रीट ओलांडेपर्यंत त्याने ते सांगायचं कसं हेसुद्धा ठरवून टाकलं.

पक्षाची कचेरी म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. कॉर्डेल टुझो आत फोनला चिकटला होता. हा पक्षाचा अध्यक्ष. जन्मभर लोकांचे दात उपटले आणि निवृत्त झाल्यावर देश सुधारायला निघाला. गुडघ्यापर्यंतचे मोजे, इस्त्रीची हाफपँट, वर कोट, असा तो सकाळी सातपासून तयार असे. फोन ठेवून त्याने एल्डनकडे पाहिलं.

"बसमध्ये काय केलंस तू?"

"काय केलं?"

"काहीच केलं नाहीस, असंच सांगतायत सगळे. हा तिसरा फोन."

एल्डनने भाषणाची गोष्ट सांगितली. कॉर्डेल हसला नाही. तो म्हणाला, "हे मला पटलं. पण मी वॉरिकचा मतदार नाही." साडेनऊला फोन पुन्हा वाजला. कॉर्डेल ऐकत होता, "हो", "हो बाई", "त्या स्वतः बोलतील का?" असं म्हणत होता, आणि त्याचा दुसरा हात पत्रकांच्या गठ्ठ्यावरची दोरी विनाकारण ओढत होता. फोन ठेवून तो खुर्चीत बसला. "बर्नॅडिनच्या पार्लरमधून होता. फर्बर्टबाई ड्रायरखाली बसल्यात, तिथून निरोप दिलाय. कागद घेऊन येऊ नकोस म्हणाल्यात. सही मिळणार नाही." मग तो म्हणाला, "त्या त्याच बसमध्ये होत्या."

"बाई बसमध्ये होत्या?" एल्डन म्हणाला. त्याच्या आवाजातलं आश्चर्य त्याच्याच कानाला बरं वाटलं.

अर्जाला दोन सह्या लागत होत्या, एक सूचकाची आणि एक अनुमोदकाची, दोघंही त्याच मतदारसंघातले; पक्षातलं दुसरं कुणीच तिथलं नव्हतं. सूचक म्हणून त्याच्या आत्येभावाने, रोहन ट्रॉटने, रविवारच्या न्याहारीला कॉडफिश, बटाटे आणि केळी खाता खाता सही केली होती. केळ्याचा हात पुसून केली होती, एवढंच त्याचं राजकारण. दुसऱ्या सहीसाठी मात्र एल्डनने पाच आठवडे दारं ठोठावली होती. मत द्यायला कुणाची ना नव्हती. मत पडद्याआड देता येतं. सही हॉलच्या भिंतीवर लागते, नाव, पत्ता, सगळ्यासकट, आणि ती वाचायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात. शेवटी आयँथी फर्बर्ट हो म्हणाल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, लग्न न केलेल्या, वॉरिकमधली अर्धी माणसं हाताखाली शिकवून काढलेल्या शाळेच्या बाई. त्यांची सही म्हणजे नुसती सही नव्हती. बाईंनी केली म्हटल्यावर बाईंच्या पोरांना, म्हणजे आता पन्नाशी-साठीत आलेल्या त्या सगळ्यांना, निदान ऐकून तरी घ्यावं लागलं असतं.

कॉर्डेलने यादी काढली. ऑस्बर्न डिल गवंडी फोनवर म्हणाला, "मत देतो, अगदी घरच्यांसकट देतो. पण बायकोचे तिन्ही भाऊ सरकारी पक्षात आहेत रे. भिंतीवर नाव दिसलं तर नाताळचं जेवण मला बाहेर पायरीवर बसून करावं लागेल." दुसरी एक बाई होती, महिन्यापूर्वी तिने जाहीरनाम्याचं पहिलं पान तरी वाचलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी त्याला बोलायला शिकवा, मग निवडून द्यायचं बघू." तिसऱ्याने फोन उचलला नाही. चौथा म्हणाला, "बसवाला तोच ना?" साडेअकरा वाजून गेले. एल्डन खिडकीशी उभा होता आणि त्याला राग आला होता. राग कुणाचा ते त्याला धड कळत नव्हतं. चौदा पानं, सात महिने, पाण्याच्या टाक्यांचा अख्खा हिशेब, आणि यांना हवं काय तर दोन शब्द. वीस मैलांच्या या बेटावर माणसाने काहीही करावं, सरकारी पैसा खावा, बायकोला सोडावं, दारू पिऊन कुंपणात गाडी घालावी, चार दिवसांनी सगळं विसरतात. पण दुकानात शिरून आधी गुड मॉर्निंग न म्हणता पावाची किंमत विचारली तर तीस वर्षांनी अंत्ययात्रेत आठवण काढतात. असल्या माणसांसाठी पक्ष काढायचा? हे त्याला कॉर्डेलला म्हणायचं होतं. पण कॉर्डेल गाडीच्या किल्ल्या शोधत होता. "चल, बाई घरी पोचल्या असतील. पाया पड, रड, काहीही कर," तो म्हणाला.

ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर जायला बंदी, आणि कॉर्डेल कायद्याचा पक्का. पुढे एक सिमेंटचा ट्रक होता. वाटेवरच्या कण्हेरी गुलाबी, पांढऱ्या, पुन्हा गुलाबी अशा हळूहळू मागे सरत होत्या. एल्डन घड्याळ बघत होता आणि न बघण्याचा प्रयत्न करत होता. त्याला फर्बर्टबाईंचा वर्ग आठवला. दाराशी उभं राहायचं, गुड मॉर्निंग, मिस फर्बर्ट म्हणायचं, बाईंनी नाव घेऊन उत्तर दिलं की मगच आत. विसरलं तर परत बाहेर, परत आत. सहा वर्षांचा असताना एका पावसाळी सकाळी बाईंनी त्याला तीन वेळा बाहेर पाठवलं होतं, कारण तो जमिनीकडे बघून म्हणत होता. "चपलांना नको म्हणूस, मला म्हण," बाई म्हणाल्या होत्या. तिसऱ्यांदा त्याने वर पाहिलं. बाईंच्या कपाळावर पावडर होती आणि त्या हसत नव्हत्या, पण म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, एल्डन," आणि आपलं नाव इतकं पूर्ण त्याने तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी त्याला सगळे 'ए पोरा' म्हणायचे.

आणि मग, टाळायचं म्हणून टाळलेली, आई आठवली. आई पॅजेटमधल्या एका गोऱ्या कुटुंबात अकरा वर्षं कामाला होती. रोज सकाळी सात वाजता मागच्या दाराने आत गेलं की ती म्हणायची, "गुड मॉर्निंग, मॅडम." मॅडम टेबलाशी चहा पीत असायच्या. समोर कामांची यादी ठेवलेली असायची. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. दुष्टपणाने नव्हे, आई म्हणायची, तिला ऐकूच यायचं नाही; भांडं पडलं तर ऐकू यायचं, मी बोललेलं नाही. "मग कशाला म्हणायचीस?" त्याने मोठेपणी चिडून विचारलं होतं. तेव्हा आई दुखरी हाडं चोळत बसली होती. "सवय मोडली असती माझी," ती म्हणाली होती, "आणि मग तिच्यात न् माझ्यात फरक काय राहिला असता?" हे त्याला तेव्हा हताश करून गेलं होतं. आता गाडीत ते आठवून त्याला घाम आला, कारण त्याला लिफ्ट आठवली. कचेरीची लिफ्ट, पाचवा मजला, काचेची इमारत. पहिली काही वर्षं तो लिफ्टमध्ये शिरताना गुड मॉर्निंग म्हणायचा. बाहेरदेशांतून आलेले ते तरुण साहेब कानांत इअरफोनची बोंडं घालून उभे असायचे. कुणी दचकायचं, कुणी कसनुसं हसायचं. मग तो नुसती मान हलवायला लागला. मग तेही सुटलं. मग तोही सगळ्यांसारखा वरच्या पेटणाऱ्या आकड्यांकडे बघायला लागला. आई गेली त्या वर्षी तो कुणाकडेही न बघता पाचव्या मजल्यावर पोचायला शिकला होता, आणि त्याला बढती मिळाली होती.

ट्रक वळला. कॉर्डेल म्हणाला, "भाषण घोकत होतास हेच सांग. खरं आहे ते, आणि बाईंना पटेल. शाळेच्या बाई आहेत, पाठांतराचं कौतुक असणार." एल्डन हो म्हणाला. ते खरं होतं. फक्त सगळं खरं नव्हतं. कारण बसमध्ये चढल्यावर त्याने जांभळी टोपी पाहिली होती. उजवीकडचं तिसरं बाक, खिडकीजवळ, चर्चला घालतात ती जांभळी टोपी, तिला लावलेलं छोटं पीस, आणि टोपीखाली बाईंचा चेहरा, त्याच्याकडे वळलेला, काहीतरी म्हणायच्या बेतात असलेला. बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. गुड मॉर्निंग म्हटलं असतं तर तिथे बसावं लागलं असतं. आणि बसलं असतं तर शेजाऱ्याच्या झाडाची पानं. सहीला हो म्हणण्याआधी बाईंनी त्याला सव्वा तास ऐकवलं होतं: शेजाऱ्याचं झाड त्यांच्या छपरावर वाकलंय, चुन्याने नुकतंच पांढरं केलेलं छप्पर, पानं पडतात, पावसाबरोबर टाकीत जातात, पाण्याला वास येतो, तीन पत्रं लिहिली, कुणी दखल घेत नाही. सव्वा तास तो मान हलवत होता. आज पंचवीस मिनिटं परत तेच, आणि भाषण राहिलं असतं. शिवाय बाई तर आपल्याच होत्या. सही ठरलेली होती. हा विचार त्याच्या मनात शब्दांत आला नव्हता, पण आला होता, आणि त्याचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावरून मागच्या बाकांकडे सरकले होते, सरावाने, अगदी सहज, लिफ्टमध्ये सरकतात तसे. बाईंना ते कळलं होतं की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी तो बाईंच्या पायऱ्या चढला. छप्पर पांढरं शुभ्र होतं आणि त्यावर खरंच पानं पडलेली होती. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. शहरात घालायचा निळा झगा अंगावर होता, टोपी शेजारच्या टेबलावर होती, आणि केस नुकतेच बसवलेले, एक बट इकडची तिकडे नाही. त्यांनी त्याला गेटपासून येताना पाहिलं होतं, तरी तो वर येईपर्यंत त्यांचं तोंड बंद होतं.

"गुड मॉर्निंग, बाई."

बाईंनी आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग परत त्याच्याकडे.

"गुड आफ्टरनून, बाई," तो म्हणाला.

"गुड आफ्टरनून, एल्डन. बस."

बसायला वेळ नव्हता. तो बसला. गाडीतून कॉर्डेल मान उंचावून बघत होता. किस्काडी पक्षी शेजारच्या त्या झाडावर बसून सारखा ओरडत होता. बाईंनी हात मांडीवर ठेवले होते. "सात वाजून चाळीसची बस मी कशासाठी धरली, सांग," त्या म्हणाल्या.

"पार्लरसाठी."

"मी केस घरी करते. साठ वर्षं घरीच करते. तू म्हणालास, पेपरवाला येणार, फोटो काढणार. भिंतीवर नाव लागणार. माझं नाव आजवर शाळेच्या हजेरीवर लागलंय, आणि चर्चच्या फुलांच्या यादीवर. म्हटलं, आता लागतंय तर नीट लागू दे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बर्नॅडिन विचारत होती, बाई, कुणाचं लग्न? मी तिला तुझ्या पक्षाचं नाव सांगितलं. मग तिने दुसऱ्या बाईला सांगितलं. मग ती दुसरी बाई म्हणाली, सकाळी बसमध्ये होता तोच का. तेव्हा मी तिथे होते, डोक्यावर ते यंत्र, आणि मला खाली बघावं लागलं, एल्डन. मला."

सकाळपासूनचा सगळा राग एकाएकी निराधार झाला होता आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "तू मला पाहिलंस का?"

साडेबारा होत आले होते. हॉल गाडीने सात मिनिटांवर. खरं बोलायची संधी आयुष्यात इतकी सरळ समोर येऊन उभी राहत नाही, हे एल्डनला त्या क्षणीही कळलं. त्याने तोंड उघडलं आणि त्याला चपलांच्या दुकानावरची खोली दिसली, आठ खुर्च्या, दोरीने बांधलेले गठ्ठे, त्याच्या जिवावर कोट घालून बसलेला कॉर्डेल. हे सगळं एका वाक्यावर उभं होतं आणि ते वाक्य तयार होतं, सकाळपासून तयार होतं, निम्मंअधिक खरं होतं. "नाही, बाई," तो म्हणाला. "भाषण घोकत होतो. डोक्यात तेच. मला कुणीच दिसलं नाही." आणि कौतुक व्हावं म्हणून नव्हे, पण पुरावा म्हणून त्याने पुढे जोडलं, "पहिला शब्दच गुड मॉर्निंग आहे भाषणाचा. वाटलं, म्हटलं म्हणून."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने नजर हलवली नाही. चपलांना नको म्हणूस, हे त्याला आठवत होतं, आणि खोटं बोलताना ते उपयोगी पडतंय याची त्याला किळस आली.

"बरं," बाई म्हणाल्या. "न दिसणं वेगळं." मग झाडाकडे बघत त्या म्हणाल्या, "एकोणीसची होते. पहिला पगार. फ्रंट स्ट्रीटवरच्या दुकानात हातमोजे घ्यायला गेले. काउंटरवर शेजारच्या घरातली मुलगी होती. गोरी. आम्ही लहानपणी एकाच खडकावरून समुद्रात उड्या मारायचो. मी म्हटलं, गुड मॉर्निंग, लुएला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागच्या गोऱ्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाली, काय देऊ, मॅडम?" बाईंनी टोपी उचलली, पीस बोटाने सरळ केलं. "तिला मी दिसले होते. दिसले नसते तर मी परत म्हटलं असतं, मोठ्याने. आण तो कागद."

त्याने आपलं पेन पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. आतून शाईचं पेन आणलं, फळ्यावर लिहायच्या त्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फुंकर घातली. सही इतकी देखणी होती की तिच्यावरची रोहनची सही केळ्याच्या हाताची वाटत होती. बाईंनी टोपी घातली, आरसा न बघता, आणि म्हणाल्या, "मी येते तुमच्या गाडीत. फोटो आहे ना?"

गाडीत मागच्या सीटवर बाई बसल्या आणि पुढे कॉर्डेल आनंदाने छपरावरच्या पानांच्या प्रश्नाबद्दल आपण होऊन विचारू लागला. जाहीरनाम्यात नववं पान त्यावरच आहे, म्हणाला. बाईंनी एक-दोन वाक्यांत उत्तर दिलं. फार बोलल्या नाहीत. एल्डनला वाटलं, आता बोलल्या तर बरं होईल, सव्वा तास बोलू देत, दोन तास बोलू देत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

एकाला नऊ मिनिटं कमी असताना अर्ज घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याने दोन्ही नावं यादीशी ताडून पाहिली, शिक्का मारला आणि कागदाची प्रत भिंतीवर दोन मोठ्या पक्षांच्या कागदांच्या खाली लावली. पक्षाच्या उरलेल्या सातही माणसांनी टाळ्या वाजवल्या. हॉलबाहेर पायऱ्यांखाली वीसेक माणसं जमली होती. अकरापासून ताटकळलेली काही, आणि काही नुसती बघायला आलेली, त्यांत सकाळच्या बसमधली ती कोंबडीवाली बाईसुद्धा होती, हातांची घडी घालून. पेपरवाल्याने बाईंना पुढे उभं केलं आणि दोन फोटो काढले. बाई फोटोत हसल्या नाहीत, पण ताठ उभ्या राहिल्या. मग कॉर्डेलने एल्डनला कोपराने ढोसलं. "बोल. छोटंच बोल, पण बोल."

एल्डन वरच्या पायरीवर आला. डोकं रिकामं होतं. सात महिने, पाच आठवडे, सकाळपासूनचे सहा तास, सगळं निचरून गेलं होतं आणि तळाशी फक्त पाठांतर उरलं होतं. ते आपोआप वर आलं.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला.

चर्चच्या घड्याळात एक वाजून गेला होता. कुणीतरी खोकलं. मागे एकजण हसू दाबत दुसऱ्याच्या कानाशी लागला, आणि कोंबडीवाल्या बाईने आभाळाकडे पाहिलं. आता हे हसणार, एल्डनला वाटलं, आणि हसले की संपलं, निदान संपेल तरी. तेवढ्यात समोरून, अगदी पहिल्या पायरीपासून, पन्नास मुलांच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला.

"गुड मॉर्निंग, एल्डन."

फर्बर्टबाई त्याच्याकडे बघत होत्या. आणि त्यांच्या मागोमाग, वळण लागलेलंच होतं म्हणून, ती सगळी पन्नाशी-साठीतली पोरं एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, एल्डन." कोंबडीवाल्या बाईनेसुद्धा म्हटलं. पण एल्डनला त्यांचं काही ऐकू आलं नाही. बाईंचा चेहरा जांभळ्या टोपीखालून वर त्याच्याकडे वळलेला होता, सकाळी बसमध्ये होता अगदी तसाच, आणि डोळे तेच होते, त्याचे डोळे सरकले तेव्हा त्याच्यावरून न हललेले. बाईंना सकाळीच कळलं होतं. व्हरांड्यात विचारलं तेव्हाही त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी सुरेख अक्षरात नाव लिहिलं होतं, पत्त्यासकट, आणि आता वेळ चुकलेलं ते गुड मॉर्निंग सगळ्यांदेखत पदरात घेतलं होतं.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. त्याने श्वास घेतला. टाळ्यांसाठी तयार ठेवलेले सात जणांचे हात अर्धवट उचललेले होते. मागून कॉर्डेलला वाटलं तो विसरला, आणि त्याने हळूच सुचवलं, "आजवर तुमच्याकडे कुणी पाहिलं नाही…"

वाक्य त्याला पाठ होतं. बाई मान किंचित वर करून पुढचं ऐकायला थांबल्या होत्या.